खलिफाच्या दफ्तरातली नावं

११ फेब्रुवारी १९८४, शनिवार

पहिलं व्याख्यान झालं. शाळेचं सभागृह दोन तृतीयांश भरलं होतं. सबनीसांच्या भाषेत तुडुंब. नंदकुमार सबनीस हे इथल्या वाचनालयाचे चिटणीस. पाच शनिवार, पाच व्याख्यानं, विषय बगदादची अब्बासी खिलाफत. हे त्यांच्या समितीच्या गळी उतरवायला मला तीन महिने लागले. एक सभासद म्हणाले, "गमरेसर, त्यांच्या इतिहासाशी आपल्याला काय करायचंय?" मी म्हणालो, "आपल्या शून्याला बगदादात घर मिळालं, तुम्हाला वाशीत मिळायच्या अकराशे वर्षं आधी." हशा झाला आणि विषय मंजूर झाला. माझं आयुष्य असंच गेलं. वाक्य बसलं की ठराव मंजूर.

आज मन्सूरचं गोल शहर उभं केलं. जमिनीवर राखेने ओढलेली रेघ, चार वेशी, मधोमध महाल. मग विचारलं, "आपणही नव्या शहरात राहतो. आपल्या शहराच्या मधोमध काय आहे?" टाळ्या पडल्या. उत्तर मला माहीत नव्हतं, कुणी मागितलंही नाही.

घरी आलो तर घशात काटे. गिरजाबाईने हळद घालून दूध दिलं. पेला घेताना विचारते, "तिथं मीठ कुठनं यायचं?" मी म्हणालो, "मी एका संस्कृतीबद्दल बोलतोय आणि तुझं आपलं मीठ-मिरची." रिकामा पेला घेऊन आत गेली. पस्तीस वर्षांत माझ्या विषयांत तिने कधी रस घेतलेला पाहिला नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

अंगात त्राण नाही. खाडीची हवा दमट, त्यामुळे असेल.

परळच्या रात्रशाळेतून निवृत्त होऊन वाशीच्या या दोन खोल्यांत आलो, तेव्हा वाटलं होतं की आता वाचेन आणि गप्प राहीन. जमलं नाही. बोलल्याशिवाय मला विचारच सुचत नाही. आणि हल्ली बोलताना वाटतं की हे मी आधी बोललो आहे, महाडला, भायखळ्याला, चौदा एप्रिलच्या कुठल्या तरी मैदानात, याच चढउतारांसह.

बगदाद कशासाठी, असं लोक विचारतात. पोथीला हात लावायची ज्यांना बंदी होती त्यांच्या घरात मी जन्मलो. म्हणून ज्या शहरात ख्रिस्ती वैद्य ग्रीक पुस्तकं अरबीत आणत होता, हिंदुस्थानातून गेलेला ज्योतिषी गणित समजावत होता आणि राजा त्यांना जवळ बसवत होता, ते शहर मला आपलं वाटतं. हे मी मरेपर्यंत सांगणार. ज्याला आवडणार नाही त्याने उठून जावं.

गिरजाबाई दुपारी पुन्हा शेजारच्या शिरवणे गावात गेली. आमची मासळीवाली बायजाबाई तिथली, तिच्याकडे. आठवड्यात तिसरी खेप. बायकांच्या गप्पा.

१८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरं व्याख्यान. खलिफा मामून आणि भाषांतरकार. गर्दी चांगली होती.

शेवटी प्रश्न मागवले. मागच्या दारापाशी एक म्हातारा उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला लाल फडकं. म्हणाला, "सायेब, येक इचारू? तुमच्या त्या बगदादला मीठ कोन पिकवाचा?"

सभागृह हसलं. खुर्चीवरचे लोक जमिनीवरच्या माणसाला हसतात तसं. गिरजाबाईने विचारलेलाच प्रश्न! योगायोग म्हणायचा.

मला राग आला, त्या हसण्याचा. आणि व्यासपीठावर राग आला की माझ्या तोंडून वाक्य येतं. मी टेबलावर मूठ आपटली.

"हसू नका! बगदादात मीठ पिकवणाऱ्याचं नाव खलिफाच्या दफ्तरात होतं! ज्याने ज्या जमिनीत आपले पाय कुजवले, त्या जमिनीच्या कागदावर त्याचं नाव होतं. बाराशे वर्षांपूर्वी! आणि इथं?"

टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्याने हात जोडले. त्याचं नाव सदू भोईर, शिरवण्याचा, बायजाबाईचा थोरला दीर. बारा वर्षांचा असल्यापासून मिठागरावर राबलेला.

घरी येताना हे मी कुठं वाचलं ते आठवत होतो. आठवलं नाही. व्यासपीठावर 'माहीत नाही' म्हणायचं नसतं, हे मला माझ्या गुरूंनी शिकवलं आणि मी शंभर पोरांना शिकवलं.

२२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळच्या बसने पुलावरून फोर्टला गेलो. ग्रंथालयात सात तास. इंग्रजीतला जाडा इतिहास, त्याच्या तळटिपा, तळटिपांतली पुस्तकं. मीठवाले सापडले.

बगदादच्या दक्षिणेला बसऱ्याची दलदल. जमिनीवर क्षारांचा थर. तो खरवडून काढला तर खालची जमीन लागवडीला यायची आणि धनिकाची व्हायची. खरवडायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले. झंज म्हणत त्यांना. पाचशे-पाचशेंच्या टोळ्या, कुठं त्याहून कितीतरी मोठ्या. काढलेल्या मिठाचे डोंगर होत. खायला मूठभर पीठ आणि खजूर.

मामूनला जाऊन छत्तीस वर्षं झाली होती, तेव्हा ते उठले. चौदा वर्षं लढले. स्वतःचं शहर बांधलं. बसरा घेतलं, आणि तिथं त्यांनीही अशी कत्तल केली की वाचवत नाही. शेवटी हरले. त्यांच्या पुढाऱ्याचं मुंडकं बगदादच्या रस्त्यांतून मिरवलं. माझ्याच बगदादच्या.

दफ्तर होतं. करांचे आकडे होते, शिपायांचे पगार होते. मीठ खरवडणाऱ्यांची नावं मला कुठंही मिळाली नाहीत.

तीस वर्षं मी या शहरावर बोलतो आहे. तळटिपेपर्यंत उतरलोच नव्हतो.

२५ फेब्रुवारी, शनिवार

तिसरं व्याख्यान. कागदाचे कारखाने, पुस्तकांचा बाजार. झंजांचं सांगणार होतो. सांगितलं नाही.

पहिल्या रांगेत सदू भोईर आणि गावची दहा-बारा माणसं बसली होती. संपल्यावर त्याने कापडाची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "आपल्या आगराचा मीठ हाय, मास्तर. शेवटच्या साली काढलेला. आता तिथं मातीचा भराव हाय." मी ती घेतली. घ्यायला नको होती.

मग एक गृहस्थ पुढं आले. पातळ काचांचा चष्मा, खांद्याला झोळी. मधुकर प्रधान, जमिनीच्या कचेरीत अधिकारी. म्हणाले, "सर, या मीठवाल्यांचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. त्या दिवशी तुम्ही दफ्तराचं बोललात, मी हललो हो. वर टिपण पाठवताना हेच उदाहरण घालणार आहे. संदर्भ तेवढा द्या."

मी म्हणालो, "देतो."

'देतो' म्हणायला मला एक क्षणही लागला नाही.

२९ फेब्रुवारी, बुधवार

बायजाबाई पाटी घेऊन आली. निवटी मासळीच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत अर्जाची नक्कल होती. वाचली.

प्रकरण असं आहे. मिठागराचा मालक मुंबईत. जमीन नव्या शहरासाठी गेली, त्याची भरपाई त्याने सही करून घेतली. राबणाऱ्या एकतीस घरांकडं कसलाच कागद नाही. हजेरीचं पुस्तक मालक म्हणतो हरवलं. हे लोक खरोखर मिठागरावर होते असा दाखला कचेरीने दिला तर गावाशेजारी घरापुरती जागा मिळेल. नाहीतर पुढच्या नोटिशीत झोपड्या जातील. सुनावणी सहा मार्चला. सदूने अर्जात आधी आपलं सांगितलं आहे आणि मग: 'बाराशे वर्षांपूर्वी बगदादच्या राजाने मीठवाल्यांची नावं दफ्तरात लिहिली. मग आमची का नाही?'

अर्ज सरळ, गोल अक्षरात होता. र आणि ख यांना मोकळी जागा सोडलेली, मी रात्रशाळेत शिकवायचो तशी. "कुणी लिहिला?" मी विचारलं.

बायजाबाई गिरजाबाईकडं बघून हसली. "हाय येक बाई. लय शिकलेली. पन नवऱ्याला ठाव न्हाय."

"असे नवरे असतात," मी म्हणालो. दोघी का हसत सुटल्या ते कळलं नाही.

संध्याकाळी सबनीसांकडं जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी खिडकी लावून घेतली. "गमरेसर, गप्प बसा. तुमचं वाक्य त्या गरिबाच्या उपयोगी पडतंय. प्रधान कुठं बसऱ्याला जाऊन बघणार आहेत? आणि तुम्ही खलिफांचे गुलाम काढलेत तर आपल्याच सोसायटीतले काही जण पेढे वाटतील. त्यांना तेच हवंय."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खोट्याच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाकडं इतकी खरी कारणं असावीत, याचा थकवा येतो.

१ मार्च, गुरुवार

गिरजाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग शिरवण्याला जा."

"उद्या जातो."

"अहो, सुनावणीला असे उद्या चारच उरलेत."

हिशेब तिला बरा ठाऊक.

२ मार्च, शुक्रवार

गेलो. सदू ओट्यावर जाळं विणत बसला होता. जाळ्यातून नजर न काढता म्हणाला, "बसा मास्तर. घसा बरा हाय?"

भाषण करायला उभा राहतो तसा मी उभाच राहिलो. तो म्हणाला, "बसा हो, हितं कोन टाळ्या वाजवनार न्हाय." बसलो.

सगळं सांगितलं. दलदल, खरवडणं, मूठभर पीठ. दफ्तरात नावं नव्हती. मी ते रचलं.

जाळं थांबलं. मग म्हणाला, "ते मीठ काढून फेकाचे?"

"हो. खालच्या जमिनीसाठी."

"आमी पिकवाचो. फरक हाय." त्याने जाळ्याची एक गाठ आवळली. "चौदा वर्सां लढले म्हनता?"

"चौदा."

"आनी हरले."

"हरले."

"मंग ह्ये पयलं सांगाचा ना! मी जलमलो त्या गावात पोरांना सांगत फिरतो, बगदादला आपला नाव व्हता. चार रोज ताठ चाललो मी."

मी माफी मागितली. याआधी आयुष्यात कधी मागितली होती, आठवत नाही. मग मला जे सगळ्यात कठीण होतं ते सांगितलं. प्रधानसाहेबांना ते वाक्य आवडलं आहे. ते तसंच राहिलं तर दाखला मिळण्याची शक्यता आहे. काढलं तर काय होईल, सांगता येत नाही. "तुम्ही म्हणाल तसं करू. मी गप्प बसायलाही तयार आहे."

आतून बायजाबाई म्हणाली, "भावजी, ऱ्हाऊ द्या की. बगदादवाला हितं साक्ष द्यायला येतो का?"

सदू तिच्यावर खेकसला. "उद्या कोन सायेब म्हनला, ह्ये खोटा हाय, तर मंग माजी पंचेचाळीस वर्सां पन खोटी. घरटी मानूस खोटा. येका चिंबोरीपायी समदी पाटी नासते." मग माझ्याकडं वळून: "काढा ते. आनी तुमी सोता येऊन सांगा, तुमी बोल्ला व्हता म्हनून. माज्या तोंडातून नको."

येताना मिठाची पुरचुंडी परत देऊ केली. घेतली नाही. "जेवनात घाला. ते खरा हाय."

३ मार्च, शनिवार

चौथं व्याख्यान. विषय जाहीर होता 'वेधशाळा'. मी झंजांवर बोललो. सुरुवातच केली: "दोन आठवड्यांपूर्वी याच जागेवरून मी तुम्हाला खोटं सांगितलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

पाऊण तासाने तिसऱ्या रांगेतून एक जण आनंदाने ओरडला, "बघा! यांचं खरं रूप बाहेर आलं!" आणि सात-आठ जणांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या टाळ्या मला जन्मात नको होत्या, त्यांनी.

घसा फाटला तरी चालेल अशा आवाजात म्हणालो. "टाळ्या बंद! पुस्तकघर त्यांनी बांधलं तेही खरं आणि हेही खरं. तुमच्या आवडत्या एका राजाचं नाव सांगा, ज्याच्या दफ्तरात मीठवाल्याचं नाव होतं. सांगा! मी बसतो खाली." कुणी सांगितलं नाही. पण बरेच जण उठून गेले, दोन्हीकडचे. सबनीसांनी आभार मानताना माझं नाव घेतलं नाही.

प्रधान आले नव्हते. बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली. त्यांच्यासमोर पुन्हा सगळं बोलावं लागणार.

६ मार्च, मंगळवार

सुनावणी. प्रधानांनी सदूने दुरुस्त करून दिलेला अर्ज वाचला, मान वर केली. "तो बगदादचा भाग का खोडला? मी तर टिपणात लिहून ठेवलाय."

मी सांगितलं. पाच वाक्यांत. ते चष्मा पुसत राहिले. संतापले नाहीत. संतापले असते तर मी काहीतरी बोललो असतो. म्हणाले, "सर, मी घरी बायकोला सांगितलं होतं हे." मग टिपणाच्या कागदावर तिरपी रेघ मारली. "आता मी वर काय लिहू? हजेरी नाही, पावती नाही. नुसतं म्हणणं."

सदू उभा होता. मला वाटलं, मी त्याचं घर बुडवलं.

तो म्हणाला, "सायेब, कागुद न्हाय. आगर हाय. चला, दाखवतो."

"तिथं भराव पडलाय ना?"

"वरती पडलाय. खालती मी हाय."

प्रधान हसले, आज पहिल्यांदा. शुक्रवारी जागेवर पंचनामा करायचं ठरलं. पंच म्हणून माझं नाव सदूने सांगितलं. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

९ मार्च, शुक्रवार

सकाळी आठला मिठागरावर. प्रधान, त्यांचा कारकून, सदू, बायजाबाई आणि गावची पाच-पंचवीस माणसं. गिरजाबाईही आली होती. भाकऱ्या द्यायला असेल.

जिकडं तिकडं लाल मातीचा भराव, डंपरच्या चाकांच्या खुणा. खाडीकडची बाजू तेवढी उघडी. मला तिथं नुसती जमीन दिसत होती.

सदू चालायला लागला. मोजून पावलं टाकत, थांबत, पुन्हा मागं येत. "ही म्हसोबाची कोंडी. ही लांबडी. ही रांडेची, कवा सुकलीच न्हाय." कारकुनाने विचारलं, "हे पण लिहू?" प्रधान म्हणाले, "म्हणतो तसं लिही." कोंडी म्हणजे पाणी कोंडून मीठ धरायचा वाफा. नकाशावर तिथं एकच आकडा होता. सदूच्या तोंडी प्रत्येकीला नाव होतं, आणि कुठल्या घराने ती किती साल राबवली तेही. मध्येच तो अडला की गिरजाबाई हळूच एखादं नाव सुचवायची. बायजाबाईकडून ऐकलं असेल.

मग एका जागी तो थांबला. टाच रोवली. "हितं खणा. हितं उघाडी व्हती." खाडीचं पाणी आत घ्यायची आणि अडवायची लाकडी दारं, ती उघाडी. दोन माणसांनी टिकाव घातले. एक हात माती निघाली, काही नाही. दीड हात, काही नाही. प्रधानांनी घड्याळ बघितलं. सदू खाली वाकला आणि म्हणाला, "वाईच डावीकडं. भरावानं सरकली असंल."

टिकाव लाकडावर वाजला.

फळी काळी पडली होती, पण शाबूत होती. तिच्या वरच्या कडेला खाचा होत्या. सदूने अंगठ्याने चिखल काढला. दर हंगामाला एक खाच, उघाडी बसवणाऱ्याने पाडायची, असा इथला रिवाज. बावीस खाचा. "त्याच्या आदीची फळी कुजली," तो म्हणाला, जणू त्याचीच चूक होती.

प्रधान गुडघ्यावर बसून खाचा मोजत होते, बोटाने, दोनदा. उठले तेव्हा त्यांच्या पाटलोणीला चिखल होता. मला म्हणाले, "हे मला वर दाखवता येईल. तुमचं बगदाद दाखवता आलं नसतं, सर. सोमवारी दाखल्याचं लिहितो."

पंचनामा सगळ्यांना वाचून दाखवावा लागतो, मग सह्या. कारकुनाचा आवाज खाडीच्या वाऱ्यात कुणाला ऐकू जाईना. प्रधानांनी कागद माझ्याकडं दिला. भरावाच्या ढिगावर उभा राहून मी वाचू लागलो. एकही विशेषण नव्हतं. 'सदर ठिकाणी दीड हात खोलीवर लाकडी उघाडी मिळून आली. सदर इसमाने मिठागरातील एकूण सतरा कोंड्या नावानिशी दाखवल्या.'

"थांबा," सदू म्हणाला. "सतरा न्हाय मास्तर. अठरा. येक रस्त्याखाली गेली, ती तुमी धरली न्हाय."

प्रधानांनी मान डोलावली. कारकुनाने सतरा खोडलं, वर अठरा लिहिलं. खाडाखोडीशेजारी पंचाची आद्याक्षरी लागते, ती मी केली. सदू म्हणाला, आता परत पहिल्यापासून वाचा. मी पहिल्यापासून वाचलं.